ले-आउटचा कान

चैतन्यनगर ले-आउटमध्ये गुपित असं कधी टिकलंच नाही. कुणाच्या घरी कालची भाजी उरली हेही दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी आमच्या नागरिक मंडळाला वाटायचं, आपल्याला लोकांबद्दल पुरेसं कळत नाही. म्हणून आम्ही यंत्र आणलं.

कारण पाण्याचं होतं, हे खरं. नागपूरच्या कडेला वाढलेल्या आमच्यासारख्या वस्त्यांसाठी स्वयंनियोजनाचा नवा नियम आला होता. शहर फाटकापर्यंत पाणी मोजून देणार. पुढं ते वाटायचं, रस्ते राखायचे, बगीचा सांभाळायचा, कुठं काय बांधायचं ते ठरवायचं, सगळं मंडळानं. नियम आला तेव्हा लोकांनी पेढे वाटले. आजवर मंडळाकडं गणपती, कोजागिरी आणि भांडणं एवढाच कारभार होता. आता नळाची चावीच हातात आली, आणि नेमका त्याच वर्षी पावसानं दगा दिला. पाणी दिवसाआड झालं. त्यातही फाटकापाशी जेवढं मोजलं जाई, त्यातलं बरंचसं घराघरांत पोचतच नव्हतं. दसऱ्यापर्यंत ही तूट बंद झाली तरच मैदानाखाली मोठी टाकी बांधायची परवानगी मिळणार होती. टाकी झाली तर पुढच्या उन्हाळ्यात टँकरमागं बादल्या घेऊन पळायला नको.

मंडळाच्या अध्यक्ष रत्नमालाबाई वैरागडे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या, आवाज असा की माइक लागत नाही. यंत्राचा ठराव त्यांनीच मांडला. ते बसवायला शर्वरी कडू नावाची तरुण इंजिनिअर आली आणि मंडळाच्या पत्र्याच्या ऑफिसात तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं.

"काकू, तुमच्या रस्त्याखालून इंटरनेटची वायर गेली आहे. तिच्यात केसाएवढा बारीक काचेचा धागा असतो. मी एका टोकाकडून त्यात प्रकाशाचा ठोका पाठवते. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात जागोजागी बारीक खोट असतेच, आणि तिथून किंचितसा प्रकाश उलटा परततो. वरून कुणी चाललं, खाली पाइप गळला, कुठं पंप घरघरला, की जमीन हलते. जमिनीबरोबर धागा ताणला जातो आणि परत येणारा प्रकाश बदलतो. असे हजारो ठोके दर सेकंदाला. म्हणजे तुमचा अख्खा रस्ता एक लांबलचक कान झाला म्हणा ना."

"पण आवाज कुठं झाला ते कसं समजते?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"प्रकाश परतायला किती वेळ लागला त्यावरून. विहिरीत दगड टाकून आवाज यायला लागलेल्या वेळावरून खोली ओळखतात ना, तसंच. फक्त एक काम करावं लागेल. यंत्राला धाग्यावरचं अंतर समजतं, घर समजत नाही. म्हणून प्रत्येक फाटकासमोर रस्त्यावर घणाचा एक ठोका मारायचा. तो ठोका धाग्यावर जिथं ऐकू येईल, तिथं त्या घराचं नाव लिहायचं."

"घण?" खजिनदार भोयर खुर्चीतून उठलेच. "आमच्या नव्या सिमेंट रोडवर? पोरी, हा रोड व्हावा म्हणून मी बारा ऑफिसांचे उंबरे झिजवले आहेत. यावर मी ट्रक उभा राहू देत नाही, अन् तू घण मारतो म्हणते?"

शर्वरीनं बरंच समजावलं. शेवटी मंडळानं आपल्याकडचा मोजमापाचा नकाशा तिच्या हातात दिला आणि चूक झाली तर जबाबदारी आमची, असं लिहूनही दिलं. रस्त्याला ओरखडा न येता कान बसला, म्हणून भोयरांनी सगळ्यांना चहा पाजला. शर्वरीनं मात्र तो अर्धाच घेतला.

यंत्राचं कागदावरचं नाव भूश्रवण. ले-आउटनं आठ दिवसांत त्याचं कान्होबा करून टाकलं. पहिल्या महिन्यात कान्होबानं तीन गळक्या जागा दाखवल्या आणि तिन्ही चौकाच्या अलीकडं, मुख्य पाइपाच्या मंडळाला आधीच ठाऊक असलेल्या सांध्यांवर होत्या. मंडळ खूष झालं. मग खोड लागली. कुणाची स्कूटर उशिरा आली, कुणाकडं सारखे पाहुणे येतात, कुणाचं वॉशिंग मशीन पाण्याच्या दिवशी दोनदा फिरतं, हे पडद्यावर दिसायला लागलं आणि दिसलेलं बोललं जायला लागलं. लोक आपल्याच अंगणात पाय न वाजवता चालू लागले. मला विचाराल तर तेव्हाच ते यंत्र बंद करून ठेवायला हवं होतं, पण मला कोण विचारतो?

पाण्याची तूट मात्र संपेना. पाणी सुटायच्या दिवशी पहाटे कुठंतरी पंप घरघरायचा आणि नेमका तेव्हाच पाइपातला दाब उतरायचा. कुणीतरी मुख्य लाइनवरून पाणी खेचत होतं. कान्होबानं जागा दाखवली. ते घर कुमुद निनाव्यांचं होतं.

कुमुदताई म्हणजे रत्नमालाबाईंची सख्खी मैत्रीण. दोघी या ले-आउटमध्ये आल्या तेव्हा इथं तुरीचं शेत होतं. एकमेकींची बाळंतपणं दोघींनी काढलेली, रोज सकाळी एकत्र फिरायला जायच्या आणि वाटेत एकमेकींच्या सुनांबद्दल मनसोक्त बोलायच्या. कुमुदताईंचे यजमान गेले, मुलगा हैदराबादला. एकट्या राहायच्या आणि रोपं लावायच्या. सगळं ले-आउट करपलेलं असताना त्यांच्या अंगणात मोगरा, कर्दळ, पुदिना सगळं हिरवंगार. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, आंघोळीचं, कूलरमधलं, सगळं पाणी त्या पिंपात साठवून झाडांना घालत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कान्होबानं बोट दाखवल्यावर तीच हिरवळ पुरावा झाली.

मंडळाची माणसं घर तपासून आली. पंप सापडला नाही. "झाडाखाली पुरला असन," भोयर म्हणाले. पुढच्या पाण्याच्या दिवशी पडद्यावर पुन्हा तीच घरघर, त्याच जागी.

रत्नमालाबाई मग एकट्याच कुमुदताईंकडं गेल्या. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "कुमुद, मले खरं सांग. मी कोणाले सांगत नाही. पंप असन तर काढून टाक, मी निभावून नेतो."

कुमुदताईंनी लोटलेलं दार पुन्हा सताड उघडलं. मग म्हणाल्या, "बाकीच्यांनी चोर म्हटलं त्याचं मले काही वाटलं नाही, रत्ना. तू विचारलं, हे मनाले बम लागलं."

त्या दिवसापासून दोघींचं फिरणं बंद झालं. नियम असा होता की यंत्राची नोंद आणि अध्यक्षांची सही एवढं पुरे. पाणीचोराचा नळ वर्षभरासाठी सील. मैदानाखालची टाकी एका बाजूला आणि मैत्रीण दुसऱ्या बाजूला, असं झालं. रत्नमालाबाईंनी दोनदा पेन खाली ठेवलं. भोयर म्हणाले, "ताई, तुमची मैत्रीण आहे म्हणून सोडाल, तर उद्या कोणत्या तोंडानं दुसऱ्याले पकडाल?" रत्नमालाबाईंनी पेन पुन्हा उचललं. त्यांनी सही केली. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळ सील होणार होता. कुमुदताईंनी मुलाला फोन करून सांगितलं, घर विकून टाक, मी येते.

तान्हा पोळा आमच्याकडं पोरांचा. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून चाकांवर ओढत दारोदार नेतात. घरची बाई बैलाला ओवाळते आणि पोराच्या हातावर खाऊ नाहीतर नाणं ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. नंतर मैदानावर मंडळाची सजावटीची स्पर्धा. त्या वर्षी भोयरांनी पोरांच्या आयांना बजावून ठेवलं, "निनाव्यांकडं पोट्टे पाठवू नका. चोराच्या हातचा बोजारा नको." रत्नमालाबाई तिथंच होत्या. त्यांनी हातातली स्पर्धेची यादी पुढं वाचायला घेतली.

संध्याकाळी त्या ऑफिसात एकट्याच पडद्यासमोर बसल्या होत्या. बाहेर जायचा धीर होत नव्हता. पडद्यावर रस्ता म्हणजे एक आडवी पट्टी, तिच्याखाली ओळीनं घरांची नावं. चौकाकडून पोरं निघाली. नव्या सिमेंटवर लाकडी चाकांचा असा खडखडाट की यंत्राला एरवी कधी इतकं स्पष्ट ऐकू आलं नसेल. चाकं चालली की पिवळी रेघ पुढं सरकायची, घोळका एखाद्या दारात थांबून नाचायला लागला की तिथं जाड पिवळा गोळा उमटायचा. गोळा, रेघ, गोळा, रेघ. रत्नमालाबाईंना जरा बरं वाटायला लागलं.

कुमुदताईंच्या नावावर नुसती रेघ गेली. गोळा नाही. ते होणारच होतं; रत्नमालाबाईंनी नजर पुढं नेली. पुढं पुन्हा गोळे. आणि मग त्यांच्या स्वतःच्या नावावर, 'वैरागडे' असं लिहिलं होतं तिथं, रेघ न थांबता पुढं निघून गेली.

एकही पोर थांबलं नव्हतं.

"माझ्या घरी?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. सून प्रणिता तासाभरापासून ताट घेऊन दारात उभी असणार. अध्यक्षांच्या घरावर कुणी बहिष्कार टाकला? चपला पायात अडकवून त्या तरातरा निघाल्या.

वाटेत कुमुदताईंचं फाटक लागलं. कुमुदताई दारात उभ्या होत्या. हातात ताट, ताटात निरांजन, आणि शेंगदाण्याच्या लाडवांची रास. एकही लाडू कमी झालेला नव्हता. रत्नमालाबाईंनी खाली पाहिलं आणि तशाच पुढं गेल्या.

घरी प्रणिता रिकामं ताट घेऊन हसत उभी. "आई, कुठं होत्या तुम्ही? सगळे पोट्टे येऊन गेले. काही तर दोनदा आले, लबाड! घरातले बिस्किटंसुद्धा संपले."

"आले? थांबले इथं?"

"अवो थांबले म्हणजे! नाच नाच नाचले. फरशी बघा किती चिकट झाली."

"यंत्र तर म्हणते, माझ्या दारात कोणी थांबलंच नाही."

"मग यंत्र खोटं बोलते," प्रणिता म्हणाली आणि फरशी पुसायला गेली.

रत्नमालाबाई जागीच उभ्या राहिल्या. मग वळून त्यांनी मागं पाहिलं. ज्या घरी कोणी थांबलं नाही, असं घर त्या रस्त्यावर एकच होतं. त्या घराची मालकीण भरलेलं ताट घेऊन अजून दारात उभी होती. कुमुदच्या दारातली ती शांतता कान्होबानं चार घरं पुढं सरकवून त्यांच्या नावावर मांडली होती.

चार घरं. मग कुमुदच्या नावावर पहाटे जी घरघर दिसते, ती कुणाची? त्यांनी बोटावर मोजलं. कुमुदच्या चार जागा अलीकडं कुणाचं घर नव्हतंच. तिथं मंडळाचा बगीचा होता, कुलूप लावलेला. पोरं तिथं कशाला थांबतील?

त्यांनी शर्वरीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, वायर सरळ गेली आहे ना? मधे कुठं जास्तीची गुंडाळी ठेवलेली नाही? यंत्र धागा मोजतं, रस्ता नाही. चाळीस-पन्नास मीटरची गुंडाळी असेल तर यंत्राला वाटणार रस्ताच तेवढा लांब आहे. तिच्या पुढचं सगळं तेवढंच पुढं दिसणार. घण मारला असता तर लगेच कळलं असतं."

भोयर मैदानावर बक्षिसं मांडत होते. रत्नमालाबाईंनी त्यांना हाताला धरून चौकात आणलं. "भोयर भाऊ, वायर टाकली तेव्हा तुम्हीच उभे होते ना? जास्तीची वायर ठेवली का कुठं?"

"ठेवली ना जी!" भोयर अभिमानानं म्हणाले. "मीच ठेवायले लावली. चौकात आपलं समाजभवन होणार होतं ना, त्याले उद्या वायर लागली तर पुन्हा रोड खोदायले नको म्हणून. या चेंबरमध्ये चांगलं मोठं भेंडोळं आहे."

समाजभवनाचं भूमिपूजन दोनदा झालं होतं आणि वीट एकही बसली नव्हती. दोघांनी मिळून चेंबरचं झाकण उचललं. आत भेंडोळं होतं, भवनाची वाट पाहत.

बगीच्याचं कुलूप उघडलं. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोक्यात मंडळाचाच पंप होता. 'हरित ले-आउट' स्पर्धेच्या वेळी कारंजी लावली होती तेव्हा तो मुख्य लाइनवर जोडला होता, तात्पुरता, बक्षीस मिळेपर्यंत. पाइपात पाणी आलं की आपोआप सुरू व्हायचा. बक्षीस मिळालं, फोटो निघाले, बगीचा वाळला, कुलूप लागलं, आणि पंप काढायचा राहून गेला. पुढचा रबरी पाइप फाटला होता आणि पाणी सरळ बाजूच्या शोषखड्ड्यात जात होतं. पाऊस जिरवायचा तो खड्डाही मंडळानंच खणला होता. सगळं ले-आउट घोट-घोट पाणी जपत होतं आणि मंडळ पहाटे उठून ते जमिनीला पाजत होतं.

भोयर खोक्यापाशी मटकन खाली बसले. "ताई," ते म्हणाले, "आता कोणाच्या नावानं नोटीस काढायची?"

रत्नमालाबाईंना काय झालं कोण जाणे, त्या एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. कुमुद चोर नव्हती. इतके दिवस छातीवर धोंडा ठेवून फिरत होत्या, तो उतरला. लाज वाटत होती, राग येत होता, पण सगळ्यात जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. त्यांनी सील करायला येणाऱ्यांना फोन करून उद्याचं काम रद्द केलं, आणि पंपाची वायर आपल्या हातानं उपटली.

मग त्या कुमुदताईंच्या फाटकाशी गेल्या. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, भेंडोळ्यापासून शोषखड्ड्यापर्यंत. कुमुदताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"थांब, मी आत्ता मैदानावर जातो अन् सगळे पोट्टे इकडं पाठवतो," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"नको." कुमुदताईंचा आवाज चढला नाही. "मंडळाच्या हुकमानं गेले, मंडळाच्या हुकमानं आले, असं नको मले. हुकमाचे पाहुणे कायले हवे, रत्ना? तू जा. तुझी स्पर्धा आहे."

रत्नमालाबाई मैदानावर गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी माइक हातात घेतला, कारण आवाज बसला होता. "पाणीचोर सापडला," त्या म्हणाल्या. मागचे लोक पुढं सरकले. "चोर आपलं मंडळ आहे. पंप मंडळाचा, खड्डा मंडळाचा, वायरचं भेंडोळं मंडळाचं, अन् खोट्या नोटिशीवर सही माझी. कुमुद निनाव्यांनी एक थेंब घेतला नाही. पुढच्या रविवारी प्रत्येक फाटकासमोर घणाचा ठोका पडन. पहिला माझ्या दारात, अन् मारतीन भोयर भाऊ. तोवर कान्होबा बंद. अन् चालू झाल्यावर तो पाइपाचं ऐकन, माणसाचं नाही."

कुठून तरी हसू फुटलं आणि बघता बघता सगळं मैदान हसायला लागलं. लोकांना चोर सापडला यापेक्षा चोर शेजारी नाही याचाच आनंद जास्त झाला होता. टाळ्यासुद्धा पडल्या. त्या नेमक्या कशासाठी होत्या ते विचारू नका, आमच्याकडं माइक खाली ठेवला की टाळ्या पडतात.

रत्नमालाबाई खाली उतरल्या. भोयरांची नात आपला बैल घेऊन पुढंच उभी होती. बैलाची शिंगं सोनेरी, पाठीवर झूल, एक चाक वाकडं. "हा मले जरा वेळ देतेस का गं?" त्यांनी विचारलं. पोरीनं दोरी त्यांच्या हातात दिली.

साठी उलटलेल्या अध्यक्षबाई लाकडी बैल ओढत नव्या सिमेंट रोडवरून निघाल्या. वाकडं चाक खडाड खडाड वाजत होतं. माणसं कुंपणावर वाकून बघत होती. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. कुमुदताईंच्या फाटकात येऊन थांबल्या, बैल नीट तोंड दाराकडं करून उभा केला, आणि उजवा हात पुढं पसरला.

"बोजारा दे," त्या म्हणाल्या. "हुकमानं नाही आलो. मागायले आलो."

कुमुदताईंनी आधी बैलाकडं पाहिलं, मग त्या पसरलेल्या हाताकडं. निरांजन विझलं होतं, ते पुन्हा लावलं. बैलाला कुंकू लावलं, ओवाळलं. मग एक लाडू उचलून रत्नमालाबाईंच्या हातावर ठेवला, आणि हात सोडलाच नाही.

"वेडी झाली का गं म्हातारपणी," त्या म्हणाल्या आणि दोघी फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडल्या.

मागं खडखडाट ऐकू आला. भोयरांची नात बैल परत घ्यायला आली होती, आणि तिच्यामागं, कुणीही न सांगता, निम्मं मैदान. कुमुदताईंनी डोळे पुसले आणि ताट सरसावलं. बघता बघता लाडू संपले.

पोरं गेल्यावर रत्नमालाबाईंना फाटकातून ओसरी दिसली. तिथं भिंतीला लावून दोरीनं आवळलेली खोकी रचली होती, छतापर्यंत. त्या खोकी मोजू लागल्या.

कुमुदताईंनी त्यांची नजर पाहिली. "पोराले रात्री फोन करून सांगतो, येत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "अन् तू उद्या सकाळी लवकर ये. बांधताना मी एकटी होतो. सोडायले तू पाहिजे."